शब्दाला शब्द

बाळाजी मास्तरांनी चहाच्या रिकाम्या खोक्याच्या तळाशी सुकं गवत अंथरलं, वर जुन्या धोतराचा तुकडा घातला आणि मुलांना एकेक करून पुढे बोलावलं.

"वस्तू माझ्या हातात द्यायची, नाव सांगायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. रेटारेटी नको."

रतनने काथ्याची वळलेली दोरी दिली. नलूने कवड्या आणल्या होत्या, त्याही लहानमोठ्या अशा लावून. तुकारामच्या आजोबांनी लाकडाचा वीतभर मचवा कोरून दिला होता. त्याला शीडसुद्धा होतं. कुणी तांबड्या भाताच्या लोंब्या, कुणी हातभर लांबीचं जाळं. मास्तर प्रत्येक वस्तू चिंधीत गुंडाळून गवतात ठेवत आणि वहीत तिचं इंग्रजी नाव लिहीत. खेळातल्या विळीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी 'बसून भाजी चिरण्याचं पातं' असं लिहून टाकलं.

काशी सगळ्यांत शेवटी आली. शाळेत मुली तीनच. त्यांतली ही थोरली, अकरा वर्षांची. तिने ओच्यातून एक पुरचुंडी काढली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली. लाल खणाच्या तुकड्यात बांधलेली, सुपारीएवढी. मास्तरांनी गाठ सोडली, आत पाहिलं आणि मूठ मिटली.

आत मीठ होतं. दोन चिमटी, करडं, दमट.

पुढच्या मुलांनी ते पाहिलं होतं. उरणच्या खाडीकाठच्या त्या गावात मीठ ओळखायला कुणाला दोनदा बघावं लागत नव्हतं. गावाच्या तिन्ही अंगांना मिठागरं होती आणि निम्मी घरं त्यांच्यावरच जगत होती. पण सात महिन्यांपूर्वी, वैशाखात, गावातली अकरा माणसं मिठाचा कायदा मोडून तुरुंगात गेली होती. त्यांत काशीचा बाप कोंडाजी होता.

"हे नको, काशी. उद्या दुसरं काहीतरी आण."

"का, गुरुजी?"

"मीठ पाठवायचं नाही. परवा शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब पेटी बघायला येणार आहेत."

काशी हलली नाही. "ग्वेननं कोलसा धाडला व्हता. तिच्या बापसानं खनलेला. मंग मी माज्या बापसाचं काय धाडू?"

मास्तरांनी वही मिटली.

"जागेवर बस," ते म्हणाले.

काशी जाऊन बसली. पुरचुंडी मास्तरांच्या मुठीतच राहिली.

पेट्यांचा हा व्यवहार दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. देशोदेशींच्या मुलांची ओळख व्हावी म्हणून झटणारी मुंबईतली एक संस्था होती. तिने या शाळेची गाठ विलायतेकडच्या वेल्स प्रांतातल्या एका खेड्याच्या शाळेशी घालून दिली. वर्षातून दोनदा पत्रं, एकदा पेटी. चिठ्ठ्या टाकून मुलामुलांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि काशीच्या वाट्याला ग्वेन आली होती. तिकडची पहिली पेटी आली तेव्हा गावातली मोठी माणसंही शाळेच्या ओट्यावर जमली. लोकरीची एक टोपी निघाली. ती एकतीस डोकी फिरून आली. बर्फाचं चित्र निघालं. आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला कोळशाचा एक खडा निघाला. त्यावर चिठ्ठी होती, 'हा माझ्या बाबांनी जमिनीच्या पोटातून काढला. ग्वेन.' त्या दिवशी साऱ्या वर्गाचे हात काळे झाले. मग मास्तरांनी तो खडा नकाशांच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

मुलं पत्रं मराठीत लिहीत आणि मास्तर ती इंग्रजीत करून पाठवत. ती अलिबागच्या कचेरीतून पुढे जात. मास्तरांचं इंग्रजी चौथ्या इयत्तेपर्यंतचं, पण हात नेटका होता. आगरी घरातला पहिला शिकलेला माणूस, बोर्डाच्या शाळेचा हेडमास्तर. कागदावर डाग पडलेला त्यांना खपत नसे. आणि मुलं तर काहीबाही लिहीत. कुणाच्या घरात भांडण, कुणाचं घर शाकारायचं राहिलेलं, कुणाकडे दोन दिवस चूल नाही. मास्तर त्या ओळी वगळत आणि त्या जागी पाऊस, शिमगा, नारळीपुनव असं काही घालत. परक्या मुलांच्या डोक्यावर आपली दुःखं कशाला ठेवायची, असं ते स्वतःला सांगत.

वैशाखातल्या त्या दिवशीही शाळा चालू होती. आदल्या संध्याकाळी कोंडाजी मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसला होता. वीस वर्षं मिठागरात मीठ ओढत आलेला, उन्हाने तळवे फाटलेला माणूस. "उद्या आमी बांधावं जातूं," एवढंच तो म्हणाला. 'तुम्ही या' असं त्याने म्हटलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अकराजणांना दोरीला बांधून उरणकडे नेलं, ते शाळेवरूनच. मुलं उठून खिडक्यांना लोंबकळली. बरोबरचा फौजदार घोडा थांबवून शाळेकडे बघत होता.

"खाली बसा," मास्तर म्हणाले. "सतराचा पाढा. सगळ्यांनी."

मुलं बसली. काशीही बसली. बाहेरून पावलं जात होती आणि आत सतराचा पाढा चालला होता. काशीचे ओठ इतरांबरोबर हलत होते. त्यानंतर ती एक दिवसही शाळा चुकली नाही.

पुरचुंडी निघाली त्या दिवशी शाळा सुटल्यावर काशीची आई आवडाबाई आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मास्तर खोक्याच्या फळ्यांना खिळे लावत होते.

"गुरुजी, पोरीनं मीठ आनलं का?"

"आणलं. हे काय, माझ्यापाशी आहे."

"देवात ठेवलं व्हतं. न इचारता उचललं. मघा मारली मी तिला." ती थोडी थांबली. "कुठलं मीठ ते ठावं हाय तुमाला?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"शिपायांनी हात पिरगलला, तरी ह्यांनी मूठ सोरली न्हाय. मनगट टम्म फुगलं. सांजच्याला मी भाकर घेऊन उरनच्या कचेरीत गेले, तवा गजातून हात बाहेर काढला आन माज्या पदरात मूठ उघडली. येवढंच राहिलं व्हतं. घामानं पाक भिजलेलं. मी सुकवलं आन बांधून ठेवलं."

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. पुरचुंडी खिशातून काढून तिच्यापुढे धरली. आवडाबाईने ती घेतली नाही.

"न्यायलाच आल्ते. पन मारलं तवा काशी म्हनली, आय, ग्वेननं तरी घरात इचारलं आसंल का?" तिच्या तोंडावर हसू येतायेता राहिलं. "तुमी धाडनार नसाल तर माघारी द्या. धाडनार असाल तर राहू द्या."

खाडीवरून वारा येत होता. भरतीचं पाणी बांधाशी लागल्याचा आवाज होता. मास्तरांनी पुरचुंडीची गाठ चाचपली. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी पोरांना खाली मी बसवलं, आवडाबाई."

"ठावं हाय. काशीनं त्याच दिशी सांगितलं."

तिने ते रागाने म्हटलं नाही. समजुतीनेही नाही.

"राहू द्या पुरचुंडी," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी त्यांनी काशीला बोलावलं. तिचं पत्र त्यांच्यासमोर होतं. पाटीवरचं असावं तसं मोठं, गोल अक्षर.

"हे आहे तसंच इंग्रजीत करतो. काही बदलणार नाही."

काशीने त्यांच्याकडे पाहिलं. "आन मागचं?"

"मागचं कुठलं?"

"मागं मी लिवलं व्हतं, गावात पटकी आली आन माजा धाकटा भाऊ गेला. ग्वेननं जबाब धाडला, तुमच्याकडं किती इंच पाऊस पडतो." ती पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होती. "मना वाटलं, तिकडं भाऊ मेल्याचं कुनी इचारत नसतील."

मास्तरांनी टाक उचलला आणि परत दौतीत ठेवला. ते पत्र त्यांना लख्ख आठवत होतं. 'आमच्या गावी पाऊस पुष्कळ पडतो.' किती छान वाक्य जमलं, असं त्या वेळी वाटलं होतं.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "तिला ते कळलंच नाही. मी लिहिलं नव्हतं."

काशीने मान डोलावली. तिला ते आधीच माहीत असावं, किंवा आता कळून काही फरक पडत नसावा.

मग ती वर्ग झाडायला गेली आणि मास्तर लिहायला बसले. पत्र लहानच होतं. 'ग्वेन, तुझ्या बापाचा कोळसा पोचला. आम्ही तो जाळला नाही. फळीवर ठेवला आहे. हे मीठ माझ्या बापाचं आहे. तो वीस वर्षं मीठ ओढतो पण ते त्याचं नसतं. वैशाखात त्याने एक मूठ उचललं म्हणून तो तुरुंगात आहे. आई बरी आहे. मी बरी आहे. शेळी गाभण आहे. तुझी काशी.' इतक्या साध्या वाक्यांना त्यांना दोन तास लागले. प्रत्येक ओळीपाशी हात सवयीने दुसरीकडे वळू बघत होता.

डेप्युटीसाहेब ठरल्या दिवशी उरणहून टांग्याने आले. पन्नाशीचे, शांत, चष्मा सतत पुसणारे गृहस्थ. त्यांनी पेटी पाहिली, मचव्याचं कौतुक केलं, यादी वाचली. यादीत शेवटी लिहिलं होतं, 'मीठ, एक पुरचुंडी. काशी कोंडाजीकडून.' मग त्यांनी पत्रं चाळली. काशीच्या पत्रापाशी ते थांबले. मुलांना मास्तरांनी ओट्यावर पाठवलं होतं.

"हे तुम्ही वाचलंत?"

"मीच लिहिलं, साहेब. तिच्या मराठीवरून."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द."

"आधीच्या पत्रांत असलं काही नसायचं."

"आधीची शब्दाला शब्द नव्हती, साहेब."

डेप्युटीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाळाजी मास्तर, तुमच्याविषयी माझ्याकडे आजवर एक ओळ वाईट नाही. हे पत्र काढा. पुरचुंडी काढा. मी इथे काही पाहिलं नाही."

मास्तरांचे दोन्ही हात टेबलाखाली होते. घरी बायको केसर होती, तिला सातवा महिना होता. दारच्या तोंडलीच्या मांडवाला या वर्षी पहिल्यांदाच भरपूर लागलं होतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि तरीही ते म्हणाले, "काढायचं तर सगळीच पत्रं काढावी लागतील. मग पेटीत नुसत्या वस्तू उरतील."

"मला रिपोर्ट लिहावा लागेल."

"लिहा, साहेब."

डेप्युटीसाहेबांनी पुरचुंडी मागून घेतली. गाठ सोडून मीठ पाहिलं. बोट लावलं नाही. मग स्वतःच कापड पुन्हा बांधलं, होती त्याहून घट्ट, आणि मचव्याशेजारी गवतात नीट ठेवलं. जाताना ते टांग्यात चढले आणि मागे न बघता म्हणाले, "पेटी अलिबागला पाठवू नका. उद्या मोरा बंदरावरून लाँच आहे. परस्पर मुंबईला जाऊ द्या."

पेटी गेली. रिपोर्टही गेला. मार्चअखेर हुकूम आला. बदली, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर, हेडमास्तरकी गेली. केसर तान्ह्या मुलीला घेऊन आठ दिवस सामान बांधत होती. ती रडली नाही. फक्त तोंडलीचा वेल शेजारणीला दाखवून आली. सरकारशी तडजोड होऊन तुरुंगातली माणसं सुटली, ती मास्तर गाव सोडून गेले त्यानंतर चार दिवसांनी.

भाद्रपदात एका उघडिपीच्या दुपारी मास्तर शाळेच्या कुडाला शेण लावत होते. खालच्या पायवाटेवरून एक माणूस आणि एक मुलगी वर येताना दिसली. माणसाच्या खांद्यावर घोंगडं होतं. मुलगी पुढे होती आणि थांबून थांबून त्याची वाट बघत होती. अंगणात आल्यावर मास्तरांना कळलं, ती काशी होती. एका पावसाळ्यात बरीच उंच झाली होती.

कोंडाजीने वाकून नमस्कार केला. उजवं मनगट नीट जुळलेलं नव्हतं. हात जोडताना ते बाहेर वळत होतं.

"तीन दिस झाले निघून," तो म्हणाला. "धरमतरपावत बोट, महाडापावत मोटार, फुडं चालत."

केसरने आतून पाणी आणलं, गूळ आणला. काशीने पोलक्याच्या आतून एक लखोटा काढला. वेल्सची तिकिटं. फोडलेला नव्हता.

"नव्या गुरुजींना विंग्रजी येत न्हाय," ती म्हणाली. "आन ते म्हनतात, बोर्डानं हा पत्रांचा कारभार बंद केला."

"मग पोस्टाने पाठवायचं. एवढ्या लांब कशाला आलात?"

"पोस्टानं तुमाला मिललं आसतं," कोंडाजी म्हणाला. "आमाला वाचून कोन दावनार व्हता?"

सगळे ओट्यावर बसले. मास्तरांनी हात धुतले, पुसले आणि लखोटा फोडला. आधी मनात वाचावं असं त्यांना वाटलं, पण काशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणून ते एकेक वाक्य वाचून लगेच मराठीत सांगू लागले.

'प्रिय काशी, पेटी पोचली. आमच्या बाईंनी तुझं पत्र वर्गात मोठ्याने वाचलं. मग त्या थोडा वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बाकीच्या वस्तू शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. तुझं मीठ मात्र मी मागून घेतलं आणि घरी नेलं. बाबांना चौदा महिने खाणीत काम नाही. आई म्हणाली, मीठ काचेच्या बरणीत ठेवू. बाबा म्हणाले, नको. रविवारी आईने बटाटे उकडले होते. त्यांच्यावर घालून आम्ही सगळ्यांनी ते मीठ खाल्लं.'

मास्तर थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. देवात ठेवलेलं मीठ. सुजलेल्या मनगटाच्या मुठीतलं. विलायतेत कुणीतरी ते जपून ठेवलं असेल, कपाटात, खाली नाव लिहून, असं त्यांनी कितीदा मनाशी चित्र रंगवलं होतं.

"खाल्लं?" कोंडाजीने विचारलं.

"हो. असं लिहिलंय."

"समद्यांनी?"

मास्तरांनी पुढची ओळ वाचली. "'आम्ही पाच जण आहोत. सगळ्यांना पुरलं.'"

कोंडाजीने आपला वाकडा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. "बेस केलं," तो म्हणाला. "देवात ठेवून पानीच सुटलं आसतं त्याला. मीठ खायाचंच आसतं." त्याने हात मिटला. "आजून काय म्हनते पोर?"

"'फार खारट होतं. बाबा जेवताना नेहमी बोलतात, त्या दिवशी बोलले नाहीत. नंतर त्यांनी तुझ्या बाबांचं नाव विचारलं. तुझ्या पत्रात ते नव्हतं. कळव. तुम्ही तो कोळसा जाळा, आमच्याकडे आणखी आहे. शेळी व्याली का? तुझी ग्वेन.'"

"व्याली," काशी ताबडतोब म्हणाली. "दोन झाली. लिवा, गुरुजी. दोन पाटी, दोनी माद्याच."

मास्तर आतून कागद आणि दौत घेऊन आले. शेळीचं लिहिलं. मग कोंडाजी पुढे सरकला.

"आन त्या मानसाचं नाव काय?"

"ग्वेनच्या बाबांचं? पत्रात नाही."

"म्हंजे त्यानंबी न्हाय सांगितलं." कोंडाजीने विचार केला. "पयलं माजं लिवा. मंग त्याचं इचारा. तिकडच्या जिभेला जमंल असं लिवा."

मास्तरांनी इंग्रजी अक्षरांत सावकाश लिहिलं, तीन तुकडे करून, मधे रेघा देऊन. कों, डा, जी. कोंडाजीने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याला मराठीही वाचता येत नव्हतं.

"ह्यात मी कुठं हाय?"

मास्तरांनी बोट ठेवलं. कोंडाजी त्या जागेकडे पुष्कळ वेळ बघत राहिला, मग त्याने कागद जपून खाली ठेवला.

"आता खाली तुमचं लिवा."

"माझं कशाला? आता मी त्या शाळेचा कुणी नाही."

"शालेचं न्हाय. तुमचं," कोंडाजी म्हणाला. "आमचं बोलनं तिकडं कोन धाडतो, ते त्या मानसाला कलाया नको?"

आत केसरने भात टाकला होता. त्याचा वास ओट्यावर येत होता. काशीने कागदाची उडणारी कड हाताने दाबून धरली. मास्तरांनी टाक बुडवला, शाई निथळू दिली, आणि कोंडाजीच्या नावाखाली एक ओळ सोडून आपलं नाव लिहायला सुरुवात केली.